हरवलेला रेपो आणि शेवटचे ५३ बाइट

काम सांगायला अगदी छोटं होतं. एका टीमचा स्टेकिंग व्हॉल्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर (पुढे नुसतं 'साखळी') आपोआप चालणारा एक कॉन्ट्रॅक्ट, इथेरियमवर काही वर्षांपासून चालू होता. लोक टोकन ठेवत, बक्षीस जमा होई, काढताना थोडी फी कापली जाई. फीच्या हिशेबात भागाकार आधी आणि गुणाकार नंतर लिहिला होता. पूर्णांकांच्या जगात याचा अर्थ असा, की अगदी लहान रकमांवर फी शून्य येते आणि बाकीच्यांवर किंचित कमी. दोन ओळींची दुरुस्ती. व्हॉल्ट प्रॉक्सीमागे, म्हणजे न बदलणाऱ्या एका पत्त्यामागे, असल्यामुळे इम्प्लिमेंटेशन (मागचा खरा कोड) बदलून ती करताही येत होती.

अडचण वेगळीच होती. ज्याने हा कॉन्ट्रॅक्ट लिहिला तो टीम सोडून गेला होता आणि मूळ रेपो, म्हणजे कोड साठवलेली जागा, कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उरली होती एक झिप फाईल. "हाच कोड आहे, फार तर एखादी ओळ इकडेतिकडे," असं आम्हाला सांगितलं गेलं. ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे साखळीवरच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, मात्र हिरवी खूण दिसत होती: सोर्स कोड पडताळलेला आहे.

आम्ही दोघं होतो, मी आणि एक सहकारी. त्याचं म्हणणं, झिप घेऊ, दोन ओळी बदलू, टेस्ट चालवू, मोकळे होऊ. माझं म्हणणं, साखळीवर आत्ता जे चालतंय त्याचा सोर्स हाती आल्याशिवाय कशालाही बोट लावायचं नाही. वाद फार ताणला नाही, कारण आत इतर लोकांचे टोकन होते. "हाती येणं" म्हणजे काय हेही तेव्हाच ठरवून टाकलं: सोर्स आपल्या मशीनवर कंपाईल करायचा आणि निघालेला बाइटकोड (यंत्र चालवतं तो कोड) साखळीवरच्या बाइटकोडशी बाइटला बाइट जुळला पाहिजे. जुळला नाही तर का नाही, ते प्रत्येक बाइटपुरतं सांगता आलं पाहिजे.

पत्ता एकाचा, कोड दुसऱ्याचा

लोक ज्या पत्त्याशी व्यवहार करतात तो प्रॉक्सीचा. तिथला सोर्स मागवला तर प्रॉक्सीचाच सोर्स मिळतो: आलेली हाक पुढे ढकलणारा छोटासा कोड. खरा तर्क असतो इम्प्लिमेंटेशनच्या पत्त्यावर. एक्सप्लोररच्या उत्तरात 'प्रॉक्सी' आणि 'इम्प्लिमेंटेशन' असे दोन रकाने असतात खरे, पण तो कुणीतरी साठवून ठेवलेला निष्कर्ष. मी तो सुगावा म्हणून घेतो, पुरावा म्हणून नाही. पुरावा साखळीवरच्या स्टोरेजमध्ये असतो.

ईआयपी-१९६७ हा इथेरियमच्या सुधारणांपैकी २०१९ मधला प्रस्ताव. त्यानुसार इम्प्लिमेंटेशनचा पत्ता स्टोरेजच्या एका ठरलेल्या स्लॉटमध्ये (खणात) राहतो. एका ठरावीक मजकुराचा केकॅक-२५६ हॅश, म्हणजे मजकुराचा अंकी ठसा, काढायचा आणि त्यातून १ वजा करायचा, तो स्लॉट. हा १ कशाला, असं सहकाऱ्याने विचारलं. वजा केल्यावर जी संख्या उरते ती कोणत्या मजकुराचा हॅश आहे हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे एखाद्या मॅपिंगची (प्रत्येक किल्लीसमोर एक किंमत ठेवणाऱ्या तक्त्याची) नोंद चुकून किंवा मुद्दाम त्याच स्लॉटवर आणून बसवता येत नाही. स्लॉट वाचला, ३२ बाइट आले, त्यातले शेवटचे २० म्हणजे पत्ता. सगळ्याच प्रॉक्सी इतक्या सरळ नसतात. यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या टोकनची प्रॉक्सी या प्रस्तावाआधीची, २०१८ मधली. तिचा स्लॉट वेगळ्याच मजकुरावरून निघतो. आमचं नशीब बरं, आमची प्रॉक्सी नियमातली निघाली.

पत्त्याबरोबर दोन गोष्टी टिपून ठेवल्या: साखळीचा क्रमांक आणि ब्लॉकचा क्रमांक. एकच पत्ता दोन साखळ्यांवर वेगवेगळा कोड धरू शकतो, म्हणून पहिली. दुसरी का, ते टोर्नेडो कॅश या व्यवहारांचा माग लपवणाऱ्या सेवेच्या प्रकरणातून शिकण्यासारखं आहे. मे २०२३ मध्ये तिथल्या गव्हर्नन्समध्ये एक प्रस्ताव मतदानाने मंजूर झाला आणि मग त्या प्रस्तावाच्या पत्त्यावरचा कोड सेल्फडिस्ट्रक्ट या स्वतःला मिटवणाऱ्या आज्ञेने पुसून त्याच पत्त्यावर दुसराच कोड बसवला गेला. मत दिलं एकाला, अंमल झाला दुसऱ्याचा. इथेरियमच्या मार्च २०२४ मधल्या डेनकन बदलानंतर सेल्फडिस्ट्रक्टचे दात बरेचसे काढले गेले, पण "त्या पत्त्यावरचा कोड" असं मोघम बोलण्याऐवजी "अमुक ब्लॉकला त्या पत्त्यावर असलेला कोड" असं म्हणायची सवय मी सोडलेली नाही. प्रॉक्सीच्या बाबतीत तर ती लागतेच. उद्या कुणी इम्प्लिमेंटेशन बदललं तर आजचा सगळा खटाटोप जुन्याविषयी ठरतो.

उत्तर येतं, पण कोणत्या रूपात

एक्सप्लोररच्या एपीआयकडून (प्रोग्रॅमने माहिती मागवायच्या सोयीतून) सोर्स आणायला मी घाईघाईत एक स्क्रिप्ट लिहिली. प्रॉक्सी, इम्प्लिमेंटेशन, टोकन, बक्षीस वाटणारा कॉन्ट्रॅक्ट, एक लायब्ररी आणि आधीच्या दोन इम्प्लिमेंटेशन, असे सात पत्ते एका दमात मागवले. सात फाइली तयार झाल्या. सातवी उघडली, तर आत एकच शब्द: 'अनडिफाइन्ड'.

चूक माझीच होती आणि जरा मजेशीर होती. एपीआयच्या मोफत किल्लीवर सेकंदाला ठरावीकच विनंत्या चालतात. मर्यादा ओलांडली की एपीआय एचटीटीपीची चूक दाखवत नाही. उत्तर येतं २०० (सगळं ठीक) म्हणूनच, फक्त आत 'स्टेटस' या रकान्यात शून्य असतो आणि 'रिझल्ट'मध्ये यादीऐवजी एक वाक्य असतं, मर्यादा संपल्याचं. माझ्या स्क्रिप्टने त्या वाक्यालाच यादी समजून त्याचा पहिला घटक उचलला. वाक्याचा पहिला घटक म्हणजे त्याचं पहिलं अक्षर. त्या एका अक्षराला स्क्रिप्टने विचारलं, तुझा सोर्स कोड कुठाय? जावास्क्रिप्टने निमूटपणे 'अनडिफाइन्ड' दिलं आणि मी ते फाइलीत लिहून मोकळा झालो. पायथन असतं तर निदान तिथेच आरडाओरडा झाला असता. मग आधी 'स्टेटस' तपासणं, रिझल्ट खरंच यादी आहे का ते पाहणं आणि दोन विनंत्यांमध्ये थोडं थांबणं, एवढं घातलं.

उरलेल्या सहा उत्तरांत सोर्स तीन वेगवेगळ्या रूपांत आला होता. इथरस्कॅन या एक्सप्लोररच्या पद्धतीची एपीआय वापरणाऱ्या कुणालाही हे कधी ना कधी भेटतंच.

टोकन जुनं होतं. त्याचा सोर्स म्हणजे सॉलिडिटी या कॉन्ट्रॅक्ट लिहायच्या भाषेतली एक सलग फाईल, सगळे कॉन्ट्रॅक्ट एकाखाली एक चिकटवलेले. बक्षीस वाटणाऱ्या कॉन्ट्रॅक्टचा सोर्स जेसन या मजकुरी रचनेत होता: फाइलीचं नाव आणि तिचा मजकूर अशा जोड्या. आणि व्हॉल्टच्या इम्प्लिमेंटेशनचा सोर्स जेसन असूनही जेसन म्हणून वाचता येईना. पार्सर दुसऱ्याच अक्षरावर अडखळला. पाहिलं तर मजकुराच्या सुरुवातीला दोन महिरपी कंस होते आणि शेवटीही दोन. बाहेरची एक जोडी सोलून काढली की आत सॉलिडिटी कंपायलरचं 'स्टँडर्ड जेसन इनपुट' जसंच्या तसं मिळतं: भाषा, सगळ्या सोर्स फाइली, सेटिंग्ज. म्हणजे 'खरं स्टँडर्ड जेसन' आणि 'नुसत्या फाइलींची यादी' यांत फरक करायची एकमेव खूण म्हणजे तो जास्तीचा कंस.

तिन्हींत मला सर्वांत आवडतं ते दोन कंसांचं. त्यात अंदाज बांधायला जागाच नसते. बाकी दोघांत ऑप्टिमायझर (कोड आटोपशीर करणारा भाग) चालू होता का, त्याच्या 'रन्स' या सेटिंगचा आकडा किती, ईव्हीएमची (कोड चालवणाऱ्या आभासी यंत्राची) आवृत्ती कोणती, हे उत्तराच्या वेगळ्या रकान्यांतून वेचून स्वतः इनपुट बांधावं लागतं. त्यात ईव्हीएमच्या रकान्यात पुष्कळदा नुसतं 'डीफॉल्ट' लिहिलेलं असतं आणि हा डीफॉल्ट कंपायलरच्या आवृत्तीप्रमाणे बदलतो: ०.६.१२ चा इस्तंबूल, ०.८.२० चा शांघाय. म्हणून तिथे आपल्या मनाने काही लिहायचं नाही. सेटिंगच गाळायची आणि त्या त्या कंपायलरला स्वतःचा डीफॉल्ट घेऊ द्यायचा.

पहिला प्रयत्न: कंपाईल झालं की!

आता कंपाईल करायचं. सहकाऱ्याने जेसनमधल्या सगळ्या फाइली डिस्कवर उतरवल्या, हार्डहॅट या कंपाईल-टेस्टच्या साधनाचा नवा प्रकल्प उघडला आणि पंधरा मिनिटांत मला हाक मारली.

"झालं की कंपाईल. एकही एरर नाही."

"जुळलं का?"

"ते बघायचंय अजून."

जुळलं नव्हतं. लांबीच वेगळी होती. कारण शोधायला सोर्स उघडायचीही गरज पडली नाही. बाइटकोडच्या शेपटीकडे पाहिलं. सॉलिडिटीचा कंपायलर चालणाऱ्या कोडच्या मागे मेटाडेटाचा, म्हणजे कशातून आणि कसं कंपाईल झालं त्या माहितीचा, एक छोटा तुकडा जोडतो. सर्वांत शेवटचे दोन बाइट या तुकड्याची लांबी सांगतात. आमच्याकडे ते होते ००३३, सोळाच्या पटीत. म्हणजे ५१ बाइट. लांबीचे दोन धरून ५३. या ५१ बाइटांत दोन गोष्टी असतात: मेटाडेटा फाइलीचा आयपीएफएस (विखुरलेल्या फाईल-साठवणीतला) हॅश आणि कंपायलरची आवृत्ती, तीन बाइटांत. साखळीवरच्या कोडमध्ये ते तीन बाइट होते शून्य, सहा, बारा. आमच्यात होते शून्य, सात, सहा.

फाइलींच्या माथ्यावरच्या प्रॅग्मामध्ये ०.६.० पासून ०.८.० च्या आत काहीही चालेल असं लिहिलेलं होतं. सहकाऱ्याने त्या कक्षेतली सर्वांत नवी आवृत्ती घेतली, ०.७.६. प्रॅग्मा ही लेखकाने दिलेली परवानगी असते, त्याने प्रत्यक्षात काय वापरलं याची नोंद नव्हे. ती नोंद एपीआयच्या उत्तरात होतीच, कमिटच्या (कंपायलरच्या कोडच्या त्या नेमक्या अवस्थेच्या) आठ अक्षरांसकट: ०.६.१२. कमिटची ती अक्षरं शोभेची नसतात. अधिकृत बायनरींच्या यादीत प्रत्येक आवृत्तीसमोर ती असतात, चेकसमही असतो. उतरवलेला कंपायलर तोच आहे ना, हे तिथेच ताडून घेता येतं.

दुसरा प्रयत्न: धड जुळलं, शेपटी जुळेना

०.६.१२ लावला, ऑप्टिमायझर आणि रन्स नोंदीप्रमाणे ठेवले. या वेळी लांबी एकदम बरोबर आली. फरक दोनच जागी उरला.

पहिला चार ठिकाणी विखुरलेला होता, प्रत्येकी ३२ बाइटांचा. आमच्या कोडमध्ये तिथे नुसते शून्य, साखळीवर एक पत्ता. हा फरक अपेक्षितच होता. व्हॉल्टमध्ये एक इम्म्युटेबल (एकदा भरला की न बदलणारा) होता, फी ज्याला जाते त्याचा पत्ता. सॉलिडिटीत ०.६.५ पासून आलेले हे इम्म्युटेबल डिप्लॉय होताना (साखळीवर चढताना) कन्स्ट्रक्टर, म्हणजे तेव्हा एकदाच चालणारा भाग, भरतो. कंपायलर फक्त मोकळ्या जागा सोडतो आणि त्या कुठे आहेत याची यादी आउटपुटमध्ये देतो. यादीतल्या चार जागा आणि आमचे चार फरक तंतोतंत तेच निघाले. इथे "इम्म्युटेबल असेल" म्हणून पुढे जाता आलं असतं, पण मग बाइटनिहाय उत्तराला अर्थ राहत नाही. म्हणून ज्या व्यवहाराने कॉन्ट्रॅक्ट जन्माला आला तो काढला. त्याच्या इनपुटच्या शेवटी कन्स्ट्रक्टरचे अर्ग्युमेंट चिकटलेले असतात. तिथे तोच पत्ता होता. चारही जागा निकालात.

(लायब्ररीच्या बाबतीतही असाच एक अपेक्षित फरक असतो. डिप्लॉय झालेल्या लायब्ररीच्या कोडमध्ये सुरुवातीलाच तिचा स्वतःचा पत्ता असतो, कुणी तिला थेट हाक मारून स्टेट बदलू नये म्हणून. कंपायलरच्या आउटपुटमध्ये तिथे शून्य असतात.)

दुसरा फरक शेपटीत. आवृत्तीचे तीन बाइट आता जुळत होते. हॅशचे ३२ बाइट जुळत नव्हते.

"पण तो भाग चालतच नाही ना?" सहकारी म्हणाला. "धड जुळलं, बास झालं."

बरोबरही होतं त्याचं. पुष्कळ पडताळणी सेवा हा भाग बाजूला ठेवूनच जुळवतात. सोर्सिफाय दोन्हींत फरक करतं, शेपटीसकट जुळलं तर पूर्ण, नाहीतर नुसतं जुळलं. पण चालत नाही म्हणून त्याने काही बिघडत नाही, असं नाही. युनिस्वॅप व्ही-२ या टोकन अदलाबदलीच्या सेवेत दोन टोकनांच्या जोडीच्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता क्रिएट-२ या आज्ञेने, त्याच्या जन्म-कोडच्या (डिप्लॉय करताना पाठवलेल्या कोडच्या) हॅशवरून काढला जातो आणि तो हॅश लायब्ररीत सरळ लिहून ठेवलेला आहे. शेपटी त्या जन्म-कोडचाच भाग. कुणी नक्कल करताना सोर्समधली एखादी टिप्पणी जरी बदलली, तरी हॅश बदलतो आणि राउटर (अदलाबदल पुढे नेणारा कॉन्ट्रॅक्ट) भलत्याच, रिकाम्या पत्त्यावर जोडी शोधायला जातो. नक्कल करणाऱ्या कित्येकांनी यात ठेच खाल्ली आहे.

आमच्यापुरतं कारण आणखी साधं होतं. मेटाडेटामध्ये प्रत्येक सोर्स फाइलीचा हॅश असतो, म्हणजे टिप्पण्या, मोकळ्या जागा, सगळं त्यात येतं. शेपटी जुळली तर मी छातीठोकपणे सांगू शकतो, की माझ्यासमोरचा मजकूर अक्षरशः तोच आहे. नुसतं धड जुळलं तर एवढंच म्हणता येतं, की असा एक मजकूर आहे ज्यातून हाच कोड निघतो.

मग फरक कुठून आला? हॅशची खोड अशी, की तो 'नाही' म्हणतो, 'का नाही' ते सांगत नाही. मूळ मेटाडेटा फाईल आयपीएफएसवर कुणी ठेवली असती तर शेजारी-शेजारी ठेवून पाहता आली असती. ती मिळाली नाही. म्हणून मूळ जेसन पुन्हा वाचायला घेतलं, आणि फाइलींच्या नावांवर नजर गेली. नावं 'काँट्रॅक्ट्स' या फोल्डरपासून सुरू होत नव्हती. त्यांच्या पुढे 'प्रोजेक्ट', विसर्गचिन्ह आणि तिरकी रेघ होती. ही ट्रफल या हार्डहॅटसारख्याच साधनाची पद्धत. फाइली डिस्कवर उतरवताना आमच्या स्क्रिप्टने तो उपसर्ग काढून टाकला होता, कारण फोल्डरच्या नावात तो सोयीचा नव्हता. आणि पाथ हाही मेटाडेटाचा भाग असतो.

तेवढ्यावर भागलं नव्हतं. दोन फाइलींमध्ये ओळींचे शेवट विंडोज पद्धतीचे होते. जेसनमध्ये ते एस्केप केलेले असल्यामुळे सुखरूप होते. डिस्कवर उतरून गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) गेल्याबरोबर गिटने ते सरळ करून टाकले. शिवाय सहकाऱ्याचा एडिटर सेव्ह करताना आपणहून फॉरमॅट करायचा. तीन नीटनेटके मदतनीस आणि तिघांनी मिळून पुराव्याला हात लावलेला.

तिसरा प्रयत्न: आता शेपटी जुळली, धड गेलं

डिस्क बंद. जेसन थेट कंपायलरच्या तोंडी द्यायचं, स्टँडर्ड इनपुटमधून. बदल फक्त 'आउटपुट सिलेक्शन'मध्ये, म्हणजे आम्हाला काय काय छापून हवं त्या यादीत. ती यादी मेटाडेटात जात नाही, त्यामुळे तिला हात लावायला हरकत नाही.

आणि इथे मी माझी स्वतःची खोड दाखवली. जेसनमध्ये व्हॉल्टशी संबंध नसलेल्या पुष्कळ फाइली होत्या: मॉक (नकली) टोकन, टेस्टसाठीचे कॉन्ट्रॅक्ट, एक जुना मायग्रेशनचा कॉन्ट्रॅक्ट. व्हॉल्ट त्यांपैकी कशालाही इम्पोर्ट करत नव्हता. आउटपुट सुटसुटीत यावं म्हणून मी त्या गाळल्या.

शेपटी जुळली. ५३ च्या ५३ बाइट. म्हणजे व्हॉल्टला लागणारी प्रत्येक फाईल, प्रत्येक पाथ, प्रत्येक सेटिंग बरोबर होती. आणि धड, जे कालपर्यंत जुळत होतं, ते आता अनेक ठिकाणी वेगळं आलं.

खरं सांगायचं तर या टप्प्यावर तासभर मी कंपायलरवरच संशय घेत बसलो होतो. आणि एका अर्थी संशय खराही होता. सॉलिडिटीच्या काही आवृत्त्यांमध्ये ही उणीव आहे आणि पडताळणीचं काम करणाऱ्यांच्या ती चांगल्या परिचयाची आहे: इनपुटमध्ये जास्तीची फाईल असली किंवा नसली, तर तिच्याशी काडीचा संबंध नसलेल्या कॉन्ट्रॅक्टचाही बाइटकोड बदलू शकतो. कंपायलर सगळ्या फाइलींचं मिळून एक झाड बांधतो आणि त्यातल्या गाठींना क्रमांक देतो. चार फाइली काढल्या की मागच्या सगळ्यांचे क्रमांक सरकतात. कोड तयार करताना एखादा निर्णय, समजा कोणता तुकडा आधी मांडायचा, या क्रमांकांवर टेकलेला असला की वागणूक तीच राहते पण मांडणी बदलते. मेटाडेटात मात्र फक्त लागणाऱ्या फाइलींची नोंद असते, म्हणून शेपटीला याचा पत्ताच नसतो.

मूळ लेखकाने पडताळणीसाठी आपलं अख्खं इनपुट चढवलं होतं, मॉक आणि टेस्टसकट. कुणीही बघून म्हटलं असतं, काय हा पसारा. तो पसारा होता म्हणून आमचं काम झालं.

गाळलेल्या फाइली परत ठेवल्या. चौथ्यांदा चालवलं. इम्म्युटेबलच्या चार जागा सोडल्या तर पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत एकही फरक नाही.

झिपकडे परत

आता कुठे झिप उघडण्यात अर्थ होता. व्हॉल्टच्या दोन फाइली शेजारी ठेवल्या. "एखादी ओळ इकडेतिकडे" ही गोष्ट शब्दशः खरी निघाली. झिपमध्ये एकच ओळ जास्त होती: 'रिवॉर्डकॅप' नावाचा एक आकडा, फीच्या दराच्या खाली आणि एकूण ठेवीच्या वर जाहीर केलेला. बाकी त्याचा वापर एका जागी, बक्षीस मोजताना.

प्रॉक्सीमागचा कोड बदलतो, स्टोरेज बदलत नाही. नवा कोड जुन्याच कपाटातले खण उघडतो आणि कोणता खण कशाचा, हे व्हेरिएबल जाहीर करण्याच्या क्रमावरून ठरतं. दोन्ही सोर्सचा स्टोरेज लेआउट कंपायलरकडून छापून घेतला. ही सोय ०.५.१३ पासून आहे. मग कागदावर मांडून पाहिलं, झिप वापरली असती तर काय झालं असतं.

साखळीवर क्रम असा होता: फीचा दर, एकूण ठेव, मग प्रत्येकाच्या ठेवीचं मॅपिंग, मग प्रत्येकाने शेवटचं बक्षीस कधी उचललं त्या वेळेचं मॅपिंग. मधे एक आकडा घुसवला की पुढचं सगळं एका खणाने सरकतं. रिवॉर्डकॅप म्हणून नव्या कोडने जुनी एकूण ठेव वाचली असती. एकूण ठेव म्हणून त्याने ठेवींच्या मॅपिंगचा मूळ स्लॉट वाचला असता, आणि तो नेहमी शून्य असतो. आणि प्रत्येकाची ठेव म्हणून? मॅपिंगमधली नोंद कुठे सापडते हे खातेदाराचा पत्ता आणि मॅपिंगचा स्लॉट क्रमांक यांच्या एकत्र हॅशवरून ठरतं. स्लॉट एकाने पुढे गेला, म्हणजे ठेवींच्या जागी बक्षिसाच्या वेळा वाचल्या गेल्या असत्या. वेळ ही १९७० पासूनच्या सेकंदांत, म्हणजे सुमारे १.६ ते १.७ अब्ज. टोकन ६ दशांशाचं, म्हणजे साठवलेली दहा लाख एककं मिळून एक टोकन. प्रत्येक खातेदाराच्या नावावर १,६०० ते १,७०० टोकन दिसले असते. ज्याने एक लाख ठेवले होते त्याच्याही आणि ज्याने पाच ठेवले होते त्याच्याही. पाचवाले आधी काढायला धावले असते, हे सांगायला नको.

सहकाऱ्याने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "टेस्ट तर सगळ्या हिरव्या होत्या."

असणारच. टेस्ट दर वेळी नवा व्हॉल्ट उभा करतात. नव्या कपाटात सगळे खण रिकामे असतात, क्रम कोणताही लावा. ओपनझेपेलिन या कंपनीचं अपग्रेडचं प्लगइन हे ताडून पाहतं, पण जुन्या लेआउटची नोंद ते ज्या फोल्डरमध्ये ठेवतं, तो फोल्डर होता हरवलेल्या रेपोत.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, आणि तेच हवं होतं. जुळलेल्या जेसनची एक प्रत घेतली. तिच्यातल्या एकाच फाइलीत त्या दोन ओळी बदलल्या, गुणाकार आधी, भागाकार नंतर. कंपायलर तोच, सेटिंग्ज त्याच, पसाराही तोच. स्टोरेज लेआउट आधीच्याशी ताडला: काही फरक नाही. साखळीची स्थानिक प्रत उभी करून तिच्यावर अपग्रेड चालवलं, पाच-सहा खऱ्या खात्यांची ठेव आधी आणि नंतर वाचली, फी नव्याने मोजली. नवी इम्प्लिमेंटेशन डिप्लॉय करून आधी तिची पडताळणी करून घेतली, दोन ठिकाणी, शेपटीसकट, आणि मगच प्रॉक्सी तिच्याकडे वळवली. टीमला दिलेल्या फोल्डरमध्ये दोन जेसन, कंपायलरची बायनरी तिच्या चेकसमसह, ब्लॉक क्रमांक आणि इम्म्युटेबलच्या चार जागांचा एक तक्ता, एवढंच होतं.

रिवॉर्डकॅपबद्दल नंतर विचारलं. बक्षिसावर मर्यादा घालायचं एकदा ठरलं होतं, कोडही लिहून झाला, मग विषय मागे पडला आणि ते कधी साखळीवर गेलंच नाही. झिपवरची तारीख डिप्लॉयनंतरची होती. सगळ्यात नवी म्हणूनच ती जपून ठेवली होती.